उलटीचं कौतुक

चारशे मीटर पळून आलेली मुलगी ट्रॅकच्या कडेला वाकून उलट्या करत होती. माझ्या हाताखाली शिकणारा नवा कोच खुशीत म्हणाला, “बघा मॅडम, आज पार पिळून काढलं हिला!” मला त्या उलटीपेक्षा त्याच्या हसण्याची शिसारी आली. त्याच्या सरांनीही त्याला असंच ओकेपर्यंत पळवलं असणार आणि वर पाठ थोपटली असणार. शिकवण्याच्या नावाखाली आम्ही हीच घाण पुढच्यांच्या हातात देत राहतो.

“तिला सावलीत बसव, पाणी दे. आजचा सराव बंद,” मी म्हटलं.

तो पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ गेला. तोंड पुसत तिने त्याच्याकडे आशेने पाहिलं.

“सर, आता खूश ना? अजून एक राउंड मारू?”