मिलिंद नाडी बघायचा

बर्फातली ती पोस्ट म्हणजे माझ्या नोकरीतली शेवटची पोस्टिंग. मी सुभेदार, पोस्ट कमांडर, गाव भोकर. हाताखाली छोटी तुकडी. योगायोगाने तिच्यात आमच्या भागातले दोघे होते: नर्सिंग असिस्टंट नायक मिलिंद, औशाचा, आणि शिपाई मारोती, बिलोलीचा. आम्ही तिघं बोलायला लागलो की बाकीचे जवान कपाळाला हात लावायचे. आमची बोली त्यांना कळत नसे.

दिवस ठरलेला असे. सकाळी फॉल-इन, मग हत्यारांची सफाई, बर्फ उपसणं, स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करणं. फॉल-इनमध्ये मिलिंदची एक सवय होती. रांगेतून जाताना तो प्रत्येकाचा हातमोजा मागे सारून नाडी बघायचा. माझीसुद्धा. "चालू हाय," म्हणायचा आणि पुढच्याकडे वळायचा. असा काही नियम नव्हता. मला आधी हा पोरखेळ वाटला. पण त्या थंडीत कुणीतरी आपला हात धरतंय, याचं जवानांना बरं वाटायचं. ते पाहून मी गप्प बसलो.

उंचीवर माणूस वाळतो. भूक मरते, गाल बसतात. मारोतीचं उलटं झालं, त्याचं तोंड वाटोळं होत गेलं. मी चिडवायचो, "मारोती, बर्फ खाऊन राहिलास का रे?" तो नुसता हसायचा.

मग हवामान बिघडलं. हेलिकॉप्टर बंद, खाली उतरायची वाटही बंद. त्याच दिवसांत मारोतीचं जेवण तुटलं. एका सकाळी फॉल-इनमध्ये मिलिंदने त्याचा हात धरला आणि नेहमीचे दोन शब्द काही बोलला नाही. हात सोडलाही नाही. मारोती रांगेतच खाली बसला.

त्याला बंकरमध्ये आणलं. उलट्या, अंग गार, बीपी फार खाली, साखरही खाली. डबाबंद जेवण बाधलं असेल, असं आम्हाला वाटलं. मिलिंदने सलाइन लावलं, ग्लुकोज दिलं. साखर चढायची आणि पुन्हा उतरायची. बीपी हलेना. मिलिंदने रेडिओवर बेसच्या मेडिकल ऑफिसरना गाठलं.

"सलाइन चालू है, सर. बीपी नहीं उठ रहा. ओव्हर."

"कोई दवाई लेता था? ठीक से पूछो. ओव्हर."

मारोतीने मान हलवली. नाही.

मिलिंद मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, हा लपवून राहिला. त्याचं तोंड बघा, ते खाण्यानं वाढलेलं न्हाई. तुम्हाला भेतो तो. तुम्हीच इचारा."

भिण्याचं कारण मला ठाऊक होतं. मारोतीचं नाव प्रमोशन कॅडरसाठी, म्हणजे बढतीच्या कोर्ससाठी, गेलं होतं. आजार कागदावर आला की मेडिकल कॅटेगरी खाली येते आणि कॅडर हुकतं. आणि ते कळवणारा माणूस मीच. मला राग आला, पण तो गिळून मी त्याच्याजवळ बसलो.

"मारोती, कॅडर पुढच्या साली बी येतंय. तू न्हाई राहिलास तर मी बिलोलीला जाऊन काय सांगू? बोल, गावाकडून काय आणलं व्हतंस?"

त्याच्या डोळ्यांना धार लागली. "गुडघ्याची पुडी, साहेब. बाजारात वैदू येतो, त्याची. लई गुण व्हता. रोज घेत व्हतो. परवा सरली."

"किती दिवसांपासनं?"

"वरीस झालं असंल."

मिलिंदने रेडिओवर सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "हायड्रोकॉर्टिसोन दो. नस में. अभी. ओव्हर."

इंजेक्शन देऊन मिलिंद मारोतीच्या उशाशी बसला आणि मला समजावू लागला. मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करते; आत्ता सुईतून दिलं तेच. थंडी, आजार, दगदग आली की मेंदू हुकूम पाठवतो आणि ग्रंथी ते वाढवते. त्याच्या जोरावर पेशींना साखर पुरते, रक्तवाहिन्या ताण धरतात, बीपी टिकतं. पुरेसं झालं की तेच संप्रेरक मेंदूला थांब म्हणतं. पुडीत स्टेरॉइड, म्हणजे तसंच काम करणारं औषध, मिसळलेलं असणार; तोंडही त्यानेच सुजलं. मेंदूला वाटलं, भरपूर आहे. त्याने हुकूम बंद केला आणि ग्रंथी झोपली.

"साहेब, रोज बाहेरून डबा आला तर आपल्या लंगरची चूल कोण पेटवंल? अन् एकाएकी डबा बंद झाला की थंड भट्टी लगेच पेटत न्हाई."

हे मला पुरेपूर कळलं.

दुपारी बीपी उठायला लागलं. इंजेक्शन दिल्यापासून मिलिंदने मारोतीचं मनगट सोडलं नव्हतं. "चालू हाय," तो म्हणाला. मी बाहेर जाऊन फावडं घेतलं आणि बर्फ उपसत बसलो. डोळे पुसायला तेवढंच निमित्त.

हवा उघडल्यावर मारोती हेलिकॉप्टरने खाली गेला. इस्पितळात गोळ्या दिल्या आणि कित्येक महिने थोड्या थोड्या कमी करत आणल्या. झोपलेली ग्रंथी हळूहळू जागी झाली. माणसाचं अंग एवढी समजूत बाळगून असतं, याचं मला आजही नवल वाटतं. त्या वर्षीचं कॅडर हुकलं, पण नंतरचं त्याने मारलं. आज तो हवालदार आहे.

पुढच्या हिवाळ्यात मी निवृत्त होऊन भोकरला आलो होतो. तिथे फोन आला. त्याच पोस्टच्या उतारावरून मिलिंद आणखी एका आजारी जवानाला खाली नेत होता. हिमस्खलन झालं. जवान वाचला. मिलिंद परतला नाही.

त्याच्या स्मृतिदिनाला मारोती रजा काढून येतो आणि आम्ही दोघं औशाला जातो. घरात त्याची आई, बायको आणि आम्ही मिळून बुद्धवंदना म्हणतो. मग मिलिंदची आई मारोतीला समोर बसवते. सुट्टीवर आला की मिलिंद रोज सकाळी आईचीही नाडी बघायचा. त्याच्याकडे बघून बघून तीही शिकली.

"गोळ्या चालू हायेत का रे?"

"न्हाई आई, कवाच बंद झाल्या."

तरी ती त्याचं मनगट हातात घेते, डोळे मिटते आणि बराच वेळ सोडत नाही.

"चालू हाय," ती म्हणते, आणि सुनेला चहा टाकायला सांगते.