लोटन आबांची मोजणीची विहीर

पाहुण्यापुढे अर्धा तांब्या ठेवणं लोटन आबांना आयुष्यात जमलं नाही. मग सरकारी माणसाला ते अर्धी विहीर कशी दाखवतील?

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. गावाचं पाणी आबांच्या विहिरीवर मोजायचे. धुळ्याहून भूजलवाले पंडित भाऊसाहेब यायचे, टेपच्या टोकाला खडू फासून टेप खाली सोडायचे. खडू ओला होईल तिथे पाणी. मोजणीची तारीख आधी कळायची. आदल्या दिवशी आबा आपली मोटर बंद करायचे आणि शेजारच्या मळेवाल्यांनाही दटावून बंद करायला लावायचे. विहीर झिरपून वर यायची. भाऊसाहेबांना पाणी दिसायचं आणि आबांची मान ताठ.

नुसता मोठेपणाही नव्हता तो. सरकारी नकाशावर गाव लाल, म्हणजे कमी पाण्याचं, झालं तर नव्या बोअरला वीज मिळणार नाही, अशी आवई होती. आबांना धाकट्या मुलाच्या, मगनच्या केळीसाठी बोअर हवा होता.

ब्याण्णव साली भाऊसाहेबांनी कॉम्प्युटरवर काढलेला रंगीत नकाशा आणला. उपग्रहाचं चित्र, खडक, उतार, विहिरींची पातळी, सगळ्याला मार्क. जिथे पाण्याची गरज जास्त, तिथे पाझर तलाव. आमचं गाव हिरवंगार! तलाव गेला डोंगरापलीकडच्या गावाला. आमच्या लोकांनी पारावर पेढे वाटले. त्या हिरव्या रंगाची मला अजून चीड येते.

मगनचा बोअर झाला. त्याचं बघून सगळ्या शिवारात बोअर झाले. पुढच्या उन्हाळ्यात नाल्याकाठच्या विहिरी एकेक करून आटल्या. केळीची पानं कडेने करपू लागली. मोटरी पाण्याऐवजी हवा ओढायच्या, तो घरघराट गावभर ऐकू यायचा.

आबांची बायको भागाबाई एकदा त्यांना म्हणाली, "पोहऱ्याचा दोर पुरत नही आते."

"चूप. मोजनीवाला येनार शे," आबा म्हणाले.

मे महिन्यात भाऊसाहेब आले. टेप वर आला तेव्हा खडू पांढराच होता. त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा पांढरा.

"एकदम कसं उतरलं, आबा?"

आबा विहिरीच्या काठावर खाली बसले. "एकदम नही उतरनं, भाऊ. तुम्ही येवाना आगोदर आम्ही मोटरी बंद ठेवूत. म्हनीन तुमले भरेल दिखे. आते बठ्ठ्या मोटरी आठ दिनपाईन बंद शेतस, तरी भरत नही." मग हात जोडून म्हणाले, "मार्क परत लावा. तलाव आमले द्या."

भाऊसाहेबांनी टेप गुंडाळला. "तो बांधून झाला, आबा. पलीकडे."

मगन आपल्या केळीकडे बघत उभा होता. भागाबाईने घरातून पाण्याचा तांब्या आणला. आबांनी तो हातात घेतला, आत पाहिलं आणि पाहुण्यापुढे धरला.

तांब्या अर्धाच होता.