पेरू न खाणारे काका

अंबरनाथ पूर्वेला आमच्या शेजारी राहणारे काका उल्हासनगरच्या कापडदुकानात सेल्समन होते. घरीसुद्धा गिऱ्हाईक आल्यासारखे हसायचे. दात पांढरेशुभ्र. "काका, काय लावता?" विचारलं की म्हणायचे, "खानदानी माल आहे, बॉस!" पेरू दिला तर मात्र "घरी खातो" म्हणून पिशवीत टाकायचे. मला तो त्यांचा तोरा वाटायचा.

माझ्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, त्या सकाळी ती मोरीपाशी बसून लिंबू-मिठाने दात घासत होती. काका दारात आले आणि त्यांचं हसू गेलं.

"बस कर, पोरी. झिजतात दात. साधा ब्रश कर, चहानंतर चूळ भर."

"तुमचे बघा की किती छान आहेत!" ती म्हणाली.

काकांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग दोन्ही कवळ्या काढून तळहातावर धरल्या. गाल आत गेले, माणूस एकदम म्हातारा झाला.

"लग्नाआधी मीपण हेच घासायचो," ते बोबडं बोलले.

बहिणीने लिंबू खाली ठेवलं.

पुढच्या वेळी आईने पेरू बिया काढून, बारीक चिरून पाठवला. काकांनी तो दारातच उभ्याउभ्या संपवला.