पहिल्या नंबरचा रंग

आमच्या मामांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल, तर ते फक्त पलटणीतल्या गोऱ्या साहेबाचं, आणि तेही नाइलाजानं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन हवालदार होऊन परतले आणि कडेगावच्या रानात ऊस लावून गुऱ्हाळ घालून बसले. पावसाला, तलाठ्याला आणि देवऋष्याला ते एकाच आवाजात दरडावत. गुळाच्या बाबतीत तर त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. काहिलीतला रस कधी उतरवायचा ते त्यांनी रंगावरून सांगायचं, आणि हंगामातल्या पहिल्या गुळाचा पहिला खडा त्यांनी चाखून मान डोलावली की मगच बाकीच्यांनी गूळ तोंडात घालायचा, असा त्यांचा रिवाज. एकदा एका पाहुण्यानं घाईनं आधीच चाखला, तर मामा त्याच्याशी पुढचा हंगाम येईपर्यंत बोलले नाहीत.

दुसऱ्या लढाईपायी साखर रेशनवर गेली, त्याच दिवसांत मामा सारखे पाणी पिऊ लागले आणि बांधाकडेला ते जिथं लघवीला बसत तिथं मुंग्या लागू लागल्या. त्यांना त्याचं कौतुकच. ‘सरकार चमच्यानं साखर देतंय, आन् आमी मुंग्यांस्नी फुकट वाटतूय,’ असं ते चारचौघांत सांगत. आत्या मात्र घाबरली. मी तेव्हा सांगलीजवळ विश्रामबागेत मास्तरकी करत होतो. तिचा निरोप येताच मामांना गोडीगुलाबीनं सांगलीच्या एका डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात मामांच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं. मामा खुर्चीतून उठले. ‘उतरवा आता,’ ते म्हणाले. डॉक्टरांना काही उमगेना. तोवर नळी विटकरी लाल झाली. ‘बघा. पिवळा धमक रंग आला हुता, पयल्या नंबरचा. तुमी लय तापवून नास केला.’ डॉक्टरांनी जास्त जाळ लावल्यामुळं आपला आजार बिघडला, ही त्यांची समजूत पुढं कुणालाही काढता आली नाही.

डॉक्टर सोशिक होते. ‘पोटात इन्सुलिन नावाचा रस तयार होतो,’ ते म्हणाले. ‘रक्तातली साखर अंगात पोचती करायचं काम त्याचं. तुमच्यात तो होतोय, पण अंग त्याचं पुरेसं ऐकत नाही, म्हणून साखर रक्तातच साठते. अजून सुरुवात आहे, सुई लागणार नाही. रोज भरपूर चाला, आणि गोड बंद.’

‘म्हंजे हवालदार हुकूम देतूय आन् शिपाई ऐकत न्हाईत?’

‘साधारण तसंच.’

‘माझ्याच अंगात? बघतोच मी त्यांच्याकडं.’

दुसऱ्या दिवसापासून मामा पहाटेच रस्त्यावर. ‘लेफ्ट राईट’ ओरडत एकटेच निघत आणि मधेच थांबून स्वतःच्या मांड्यांना शिव्या देत. कुणी ‘आवं हवालदार, कुठं निघालासा?’ म्हणून विचारलं, तर ‘पलटण बिघडलीया, सरळ करतूय’ असं उत्तर मिळे. भाकरी मोजकी झाली, चहा बिनसाखरेचा झाला. गुऱ्हाळ मात्र सुटेना. गूळ चाखणं म्हणजे खाणं नव्हे, हा त्यांचा कायदा, आणि हंगामात काहिली तर रोजच उतरत. आत्यानं एकदा हात धरला तर म्हणाले, ‘आजार माझ्या घरी राह्यला आलाय, मी त्येच्या न्हाई.’

हंगाम सरता सरता पायाच्या अंगठ्याला कोयता निसटून लागला. जखम काही भरेना. पुन्हा सांगली. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि या वेळी आवाज चढवला. ‘चालून जे मिळवता ते तुम्ही गुऱ्हाळावर घालवता. आता अंगठा वाचेल. पुढच्या वेळी पाय कापावा लागेल.’ परतीच्या मोटारीत मामा पट्टी बांधलेला पाय मांडीवर घेऊन बसले.

पुढच्या हंगामाला मी मुद्दाम गेलो. पहिली काहील उतरली, वाफ्यात गूळ निवला, मामांनी पहिला खडा उचलला. गडी त्यांची मान डोलायची वाट बघत उभे राहिले. मामांनी खडा नाकाशी नेला, उजेडात धरला, आणि भाकऱ्या घेऊन आलेल्या आत्याला हाक मारून तो तिच्या तळहातावर ठेवला. आत्या सगळ्यांसमोर लाजून चूर.

‘आवं, मी कशी? मान तुमचा हाय.’

‘हुकूम हाय. खा.’

तिनं खडा तोंडात टाकला.

‘कसा हाय?’

‘गोड हाय.’

‘गोड तर आसणारच. गूळ हाय त्यो. बैजवार सांग, मला कळंल आसं.’

आत्या सावकाश चघळू लागली, शब्द शोधू लागली. मामा कमरेवर हात ठेवून, छाती काढून तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होते, आणि तिचं तोंड हलेल तसं त्यांचं रिकामं तोंडही हलत होतं.