पाचवी पायरी

आल्बन क्वाशीने आयुष्यात खोटं पुष्कळ सांगितलं. लग्नाआधी वय दोन वर्षांनी कमी सांगितलं, पकडलेला मासा नेहमी हातभर लांब सांगितला, आणि बहीण व्हेर्नाचा केक फक्कड झालाय असं तर तो दर नाताळला सांगतो. पण पाण्याबद्दल तो कधी खोटं बोलला नाही. हिल्सबरोच्या धक्क्यावर बावीस वर्षं त्याचं तेवढंच काम. पर्यटकांचं जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं उतरवायला छोट्या बोटी सोडण्याआधी वायरलेसवर विचारतं, "धक्का, पाणी कसं आहे?" धक्क्याला वरून खाली नऊ पायऱ्या, आल्बन मोजतो खालून. लाट तिसरीपर्यंत चढली तर चालतं. चौथीला म्हाताऱ्यांना हात द्यावा लागतो. पाचवी बुडाली की कुणी उतरायचं नाही.

त्या गुरुवारी येणाऱ्या जहाजावर त्याची मुलगी जेनेल होती. फिरायला आलेली नव्हे. खोल्या झाडणारी, चादरी बदलणारी. चार वर्षांत तिची जहाजं आजूबाजूच्या सगळ्या बेटांना लागली, फक्त आमच्या या बेटाला, कॅरियाकूला, नाही. आई गेली तेव्हाही ती कुठल्या तरी भलत्याच समुद्रात होती. आता पहिल्यांदाच जहाज घरासमोर थांबणार होतं आणि तिला दहा ते एक अशी सुट्टी मिळाली होती. तीन तास. तेवढ्यात आईचा दगड बसवायचा होता.

आमच्याकडे थडग्याच्या दगडाला घाई नसते. माणूस गेल्यावर दगड घरातच वाट बघत राहतो. सगळे जमले की मग जेवणावळ घालून, ढोल वाजवून बसवतात. आल्बनच्या बायकोचा, डेल्फीनचा, दगड चार वर्षं पुढच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली होता. आल्बनच्या पायाचा अंगठा त्याच्यावर नेहमी आपटायचा, आणि तो दर वेळी म्हणायचा, "माफ कर गं बाई." एरवी घरात बोलायला दुसरं होतंच कोण?

सकाळीच व्हेर्नाने मेंढा शिजत घातला, मक्याच्या पिठाचं कूकू घोटायला घेतलं आणि दगड अंगणात आणवून त्याच्यावर रम आणि पाणी शिंपडलं. दगड एकदा भिजला की तो परत घरात नेत नाहीत. त्याच दिवशी बसवावा लागतो.

"पोरगी येईपर्यंत तरी थांब," आल्बन म्हणाला.

"का? जहाज काय पळून चाललंय?" व्हेर्ना म्हणाली. "तू जा, तुझ्या पायऱ्या मोज. आणि येताना बर्फ आण."

तो इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर आला तेव्हा मिस युफिमियाने पर्यटकांना विकायला मिरचीच्या सॉसच्या बाटल्या नि जायफळाच्या माळा मांडल्या होत्या. "अगंबाई, कप्तान! आज लग्न आहे की काय तुमचं?" ती म्हणाली. "पाणी नीट बघा हो, नाहीतर तुमच्या होडीला भोक पाडीन." आल्बन हसला आणि खाली बघितल्यावर हसायचा थांबला.

वारा नव्हता. फेस नव्हता. ऊन छान पडलं होतं. पण दूर उत्तरेला कुठंतरी वादळ झालेलं असणार, कारण पाणी झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं सावकाश वर येत होतं आणि सावकाश खाली जात होतं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. त्याने दहा लाटा मोजल्या. पुन्हा दहा मोजल्या. मग थोडं फिरून आला आणि तिसऱ्यांदा मोजल्या, जणू आपण पाठ फिरवल्यावर समुद्राला लाज वाटेल.

जहाज समोर पांढरंशुभ्र उभं होतं. वायरलेस बोलला, "धक्का, गुड मॉर्निंग. पाणी कसं आहे?"

युफिमिया जवळ आली. "तीन म्हण," ती हळूच म्हणाली. "अरे, तुझीच पोरगी आहे ना त्या जहाजावर? एकदा तीन म्हणालास तर समुद्र आटत नाही."

आल्बनने बटण दाबलं आणि सोडलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सहा वर्षांपूर्वी एकदा आल्बन उतरणाऱ्यांना हात द्यायला खाली उभा होता आणि त्याच्या जागी मोजणाऱ्या दुसऱ्याने पाचवीला चौथी म्हटलं होतं. त्या दिवशी एका म्हातारीचा पाय बोट आणि पायरी यांच्यात सापडला, आणि तिचा हात आल्बनच्याच हातात होता. तो आवाज अजून त्याच्या कानात आहे. त्याने बटण पुन्हा दाबलं.

"पाचवी," तो म्हणाला. "पूर्ण. उतरू नका."

युफिमिया एकेक बाटली कागदात गुंडाळायला लागली. जहाजाने भोंगा दिला. हातातोंडाशी आलेला घास गेला होता, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने दूर सारला होता. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण चारचौघांत, इस्त्रीच्या शर्टात, ते कसं जमणार?

इतक्यात खिशातला फोन वाजला. किनारा जवळ असल्यामुळे जेनेलच्या फोनला आमची रेंज मिळाली होती.

"डॅडी! मी दारात तयार उभी होते रे. नवे बूट घातले होते. धक्क्यावरून कुणीतरी नाही म्हणालं म्हणे. आज तू तर घरी दगडापाशी असशील, मग कोण तो मेला? त्याला पोरंबाळं नाहीत का?"

"मी," आल्बन म्हणाला.

याच पायऱ्यांवर बसून ती लहानपणी त्याच्याबरोबर लाटा मोजायची.

"कितवी?" तिने विचारलं.

"पाचवी."

"पूर्ण?"

"पूर्ण, बाळा."

"बरं," ती म्हणाली. "मग दगड बसवा. थांबू नका. आणि मम्मीला सांग, की मी..."

जहाज वळून वाळूच्या बेटामागे गेलं आणि रेंज तुटली. त्याने सात वेळा फोन लावला, लागला नाही.

दुपारी आठ जणांनी दगड उचलून टेकडीवरच्या दफनभूमीत नेला. ढोल बंद झाले. दगड बसला की घरच्या प्रत्येकाने पेलाभर पाणी ओतायचं आणि मेलेल्याशी दोन शब्द बोलायचे, अशी रीत. व्हेर्ना बोलली, भाचे बोलले. आल्बनने पाणी ओतलं, पण त्याच्या तोंडून फक्त "माफ कर गं बाई" एवढंच निघालं. मग एक पेला उरला.

"तो जेनेलचा," व्हेर्ना म्हणाली. "तूच सांग तिच्यातर्फे. बोललात ना तुम्ही फोनवर? काय म्हणाली?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. खाली समुद्र रिकामा होता. आल्बनने पेला हातात घेतला आणि खूप वेळ दगडावरचं नाव वाचत राहिला.

"डेल्फीन," तो म्हणाला, "जेनेल म्हणते, मम्मी, मी आलेय. आत्ताच धक्क्यावर उतरले. नवे बूट घातलेत, ते भिजलेसुद्धा नाहीत. पाणी अगदी शांत होतं."

त्याने पाणी ओतलं. व्हेर्नाने त्याच्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं आणि ढोलवाल्यांना हात केला.