मुठी वळलेली पानं

नेवेनाकाकू टेलिफोन खात्यात होत्या. बोर्डावर बसून अख्ख्या खोऱ्याचे फोन जोडायच्या. एखादी लाइन बंद पडली की ती नेमकी कुठं तुटली असेल हे एकेक खांब मागं जात शोधायचं, ही सवय त्यांना तिथं लागली. निवृत्त झाल्यावर तीच सवय टोमॅटोंच्या कामी आली. आमच्या गल्लीत कुणाच्या फळाचं बूड काळं पडलं की काकू येऊन आधी मातीत बोट खुपसायच्या.

"औषध कशाला मारतोस? एक दिवस पूर, मग आठवडाभर दुष्काळ, असं पाणी देतोस. बेतानं दे, पण नेमानं दे."

खालच्या पानांवर तपकिरी गोल वलयं दिसली तर ती पानं खुडून बुंध्याशी पेंढा अंथरायला लावायच्या, म्हणजे मातीचे शिंतोडे वर उडत नाहीत.

एका उन्हाळ्यात मात्र त्यांच्याच वाफ्याला काहीतरी झालं. सासूबाईंपासून चालत आलेलं गुलाबी टोमॅटोचं बियाणं, रोपं चांगली वीतभर उंचीची असताना लावलेली. जूनमध्ये त्यांचे शेंडे पिळवटू लागले. नवी पानं नेच्यासारखी चिंचोळी, कडा आत वळलेल्या, लहान बाळानं मूठ आवळावी तशी.

"व्हायरस आहे काकू. उपटून जाळून टाका," मी म्हणाले. मी शेजारीण, मलाही थोडंफार कळतं असं मला वाटायचं.

काकूंनी पान उलटून भिंगाखाली धरलं. "मावा नाही, पांढरी माशी नाही. आणि व्हायरस असता तर आज हे झाड, उद्या ते, असा पसरला असता. इथं सगळ्यांचे शेंडे एकदमच पिळवटलेत."

मग त्या मागं वळल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी एका जुन्या टबात त्याच बियाण्याची उरलेली रोपं लावलेली होती. ती ताठ उभी होती, पानं उघड्या तळव्यासारखी पसरलेली. बियाणं तेच, पाणी त्याच विहिरीचं, ऊन तेच.

"टबात जुनी माती आहे," काकू हळूच म्हणाल्या. "वाफ्यात स्तामेनचं शेणखत."

आता पंचाईत झाली. स्तामेन पलीकडच्या घरात एकटाच राहायचा. दोन गाई होत्या त्याच्या. काकूंचे यजमान गेल्यापासून दर शरदात तो गाडीभर खत फाटकाशी ओतून, आभार मानायलाही न थांबता निघून जायचा. त्याला काय आणि कसं विचारायचं?

"आधी खात्री करू," काकू म्हणाल्या.

त्यांनी काही कुंड्यांत टबातली माती भरली, काहींत तीच माती आणि थोडं खत. सगळ्यांत घेवडा पेरला. मी रोज काही ना काही निमित्त काढून बघायला जायची. आधी सगळा घेवडा सारखाच उगवला आणि काकूंचा चेहरा उजळला. पण पुढची पानं फुटली तेव्हा खताच्या कुंड्यांतली चुरगळलेली निघाली, एकूण एक.

काकूंनी दोन कुंड्या उचलल्या. "चल. आता बोलावंच लागेल."

स्तामेनच्या परसाचं फाटक त्या उन्हाळ्यात सदा बंद असायचं. टोमॅटो-काकडीच्या कोशिंबिरीवर पांढरं चीज किसून ताटली घेऊन तोच आमच्याकडे यायचा. त्या दिवशी तो फाटकाबाहेरच भेटला.

"स्तामेन, तुझ्या शेणखतात काहीतरी आहे."

"शेणखतात शेण आहे. आणखी काय असणार?"

"रागावू नकोस. हे बघ."

त्यानं कुंडी नाकाशी नेऊन पाहिली. एका पानावरून अंगठा फिरवला. मग त्यानं परसाचं फाटक उघडलं. आत त्याचे टोमॅटो उभे होते, सगळ्यांच्या मुठी वळलेल्या. अर्धे उपटून भिंतीशी टाकले होते.

"मला वाटलं, मीच मारली ही रोपं," तो म्हणाला. "बुरशीच्या औषधाऐवजी तणनाशकाची बाटली उचलली असणार. अक्षरं कुठं दिसतात आता मला? लेकीला कळलं असतं तर गाई विकायला लावून मला तिच्याकडे, बुर्गास शहरात, घेऊन गेली असती. म्हणून फाटक लावून बसलो."

"मग ते ताटलीतले टोमॅटो?"

"बाजारातले."

"तरीच," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, स्तामेनच्या टोमॅटोंची चव गेली कुठं."

तो हसला, आणि बाकावर बसून त्यानं डोळे पुसले. काकू मात्र खांब मोजायला लागल्या होत्या.

"खत गाईंचं. गाई काय खातात?"

"माझंच गवत. पण गेल्या वर्षी पाऊस नव्हता, म्हणून नदीकाठच्या कुरणातलं विकत आणलं."

ते कुरण कापणारा ट्रॅक्टरवाला चौकातच भेटला. हो, म्हणाला, काटेरी तण माजलं होतं, म्हणून मालकानं त्या वर्षी वसंतात तणनाशक फवारलं होतं. गवताला काही होत नाही त्यानं, गाईंनाही नाही.

"गाईंच्या पोटातून मात्र जसंच्या तसं बाहेर येतं," काकू म्हणाल्या. कोड्याचं उत्तर सापडल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

उरलेलं खत स्तामेननं परत त्याच कुरणात नेऊन पसरलं. दोघांनी आपापले वाफे पुन्हा पुन्हा खणून माती उलटीपालटी केली आणि तिथं मका लावला, कारण मक्याला त्या औषधाचं काही वाटत नाही. पुढच्या वसंतात काकूंनी वाफ्यातली माती घेऊन पुन्हा घेवडा पेरून पाहिला. एक-दोन पानं अजून जराशी वळलेली होती, म्हणून टोमॅटो आणखी एक वर्ष टबातच राहिले.

लेकीला स्तामेननं स्वतःच फोन करून सगळं सांगितलं, डोळ्यांचंसुद्धा. ती आली, त्याला बुर्गासला घेऊन गेली, त्याचा मोतीबिंदू काढून घेतला आणि त्याला परत इथंच सोडून गेली. तोवर गाईंची धार मी काढत होते. त्यातल्या लालीनं मला दोनदा लाथ मारली.