गुंडाला काकांचा आवाज

परवा धायरीच्या फ्लॅटवर मी तो जुना सिनेमा सबटायटल लावून बघितला. ब्लॅक अँड व्हाइट, अमेरिकेतला. जेलमधून पळालेला गुंड हायवेवरच्या हॉटेलात घुसतो आणि सगळ्यांना ओलीस धरतो. तो जे काही बोलत होता, त्यातलं एक वाक्यही मी येरवड्यात बोललो नव्हतो.

तेव्हा मी कॉलेजला होतो. येरवड्यात एका रिटायर्ड जेल शिपायाच्या घरी आम्ही चार पोरं राहायचो. काका रोज संध्याकाळी सहाला दारात उभे राहून आम्हाला मोजायचे. "एक, दोन, तीन, चार. बरोबर." नोकरी सुटली होती, मोजणी सुटली नव्हती. मी त्यांची नक्कल करायचो. एकदा करत होतो तर काका मागेच उभे.

"आपण कलाकार दिसता," ते म्हणाले. "कलाकारांना आमची खोली लहान पडते. महिनाअखेर मोकळी करा."

तसली खोली दुसरीकडे परवडणार नव्हती. म्हणजे कॉलेज सोडून गावी.

काकूंना माझी दया आली. "यांना इंग्रजी पिक्चर आवडतात, फक्त कळत नाहीत. दाखव एखादा."

रविवारी दुपारी लॅपटॉपवर हाच सिनेमा लावला. सबटायटल नव्हती, आणि आमच्या गावच्या शाळेतलं इंग्रजी घेऊन मीही काकांच्याच बाकावर. मग आवाज बंद केला आणि सगळ्यांचे डायलॉग मीच मारायला लागलो. हॉटेलवालीला काकूंचा आवाज, म्हाताऱ्याला आमच्या हेडसरांचा. गुंड आला. घाबरवणारा आवाज माझ्याकडे एकच होता.

"भिंतीला लागून बसा. एक, दोन, तीन, चार. बरोबर."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी मान वळवली नाही.

"पाच," काका म्हणाले.

"काय?"

"पाच आहेत. आचारी काउंटरमागे आहे. असा मोजत असेल तर संध्याकाळपर्यंत मरतो हा. परत मोज."

मी त्यांच्याच आवाजात परत मोजलं. पुढे कुणी खिडकीकडे सरकलं की ते मला कोपर मारायचे, मी गुंडाच्या तोंडून दम द्यायचो.

शेवटी पोलिसांनी त्याला गोळी घातली.

"पळालेले आईकडे जातात," काका म्हणाले. "याला कुणी नसावं."

महिनाअखेरीला मी बॅग भरून दारात आणली.

काका पेपर वाचत होते. "ती आत ठेव," वर न बघता म्हणाले. "आणि रविवारी कुठला लावतोयस?"